मुरतं ते मीठ. दह्याचं काम वेगळंच

शनिवारी रात्री चिकन दह्या-मसाल्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं, की रविवारी दुपारपर्यंत आमच्या घरात एकच प्रश्न फिरत असतो, ‘मुरलं का?’ जाता-येता प्रत्येक जण डब्याचं झाकण काढून बघतो, जणू बघितल्यानं ते लवकर मुरणार आहे. मागं एकदा असंच बारा तास ठेवलेलं चिकन भाजून ताटात आलं. पुतण्यानं तंगडी मोडली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, “काका, वरनं लालभडक आणि आतनं पांढरंच की! मग रात्रभर मुरलं काय?”

वहिनींनी डोळे वटारले, पण पोराचा प्रश्न बिनतोड होता. एवढी चटणी, एवढं आलं-लसूण, वाटीभर दही, बारा तासांचा वेळ. आणि हाडाजवळचं मांस पांढरंफटक. मी त्याला म्हटलं, तो आतला पांढरा भाग जरा खाऊन बघ. त्यानं खाल्लं. तिखट नव्हता, मसाल्याचा वासही नव्हता. पण आळणीही नव्हता. मीठ आतपर्यंत पोचलं होतं, बाकीचे सगळे दारातच थांबले होते.

मुरणं हा शब्द आपल्याकडं लोणच्याचा. जुन्या लोणच्यातली कैरीची फोड धुऊन खाल्ली तर ती आतपर्यंत खारट लागते. मोहरीची डाळ आणि मेथी मात्र वर्षभरानंतरही फोडीच्या बाहेर, खारातच असते. तिथं महिने मिळतात. चिकनला एक रात्र मिळते. त्या रात्रीत कोण किती आत जाणार, हे एकदा कळलं की दही-मसाल्याच्या चिकनचे निम्मे प्रश्न सुटतात.

आधी मीठ. मांसात साधारण पाऊण हिस्सा पाणी असतं आणि ते प्रथिनांच्या बारीक धाग्यांमध्ये अडकून राहिलेलं असतं. चिकन तापायला लागलं, की ५०-५५ अंश सेल्सिअसच्या आसपास यातले काही धागे आक्रसू लागतात आणि ७० अंशांच्या आगेमागे दुसरे. ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं. छातीचा तुकडा घशाखाली उतरत नाही, तो यामुळं. मीठ आत गेलेलं असेल तर हे धागे आधीच थोडे सैल झालेले, फुगलेले असतात आणि त्यांच्यातला काही भाग विरघळून चिकट झालेला असतो. तापल्यावर ते तेवढे घट्ट आवळत नाहीत. म्हणून नीट मीठ लावलेलं चिकन रसाळ लागतं. आपण श्रेय देतो दह्याला.

मीठ आत शिरतं म्हणजे काय होतं? नवरात्रात कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळासमोर, महाद्वार रोडवरच्या गर्दीत कधी अडकला असाल तर कल्पना येईल. कुणी मुद्दाम पुढं नेत नाही. धक्के खात, दोन पावलं पुढं आणि एक मागं करत माणूस सरकत राहतो. मिठाचे कण मांसातल्या पाण्यात विरघळून असेच सरकतात. या चालीची एक गंमत आहे. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. फ्रीजमध्ये रात्रभरात मीठ साधारण अर्धा-एक सेंटिमीटर आत जातं. म्हणून तंगडीला सुरीनं हाडापर्यंत खाचा पाडायच्या. खाचेमुळं मिठाला कापायचं अंतर निम्मं झालं, तर वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. शोभेसाठी वरवर ओरखडे काढण्यात अर्थ नाही.

आता त्याच गर्दीत एखादा डोक्यावर बाज घेऊन घुसला तर? मसाल्याचं तसं होतं. मिठाच्या मानानं मसाल्यातल्या वासाचे आणि तिखटाचे रेणू अवजड. शिवाय मिरची जिच्यामुळं झोंबते ते कॅप्सेसिन, हळदीचा पिवळेपणा, मिरचीचा लाल रंग ही सगळी मंडळी तेलात रमणारी. पाण्याशी त्यांचं जमत नाही आणि मांस तर पाण्यानं भरलेलं. एक रात्र काय, दोन रात्री ठेवलं तरी मसाला वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडं फारसा जात नाही. हे वाचून कुणाचा हिरमोड झाला असेल तर सांगतो, त्यात बिघडत काही नाही. घास तोंडात जातो तेव्हा जिभेला आधी वरचा थरच लागतो. आतलं मांस रसाळ आणि चवीपुरतं खारट असलं, की दोन्ही मिळून घास पुरा होतो.

मग दही कशाला घालायचं?

दूध विरजलं की त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याचा आंबटपणा तो. लिंबाच्या मानानं हे आम्ल फार सौम्य. आम्लता मोजायच्या पीएच मापावर आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. त्यात लिंबाचा रस २ ते २.५ च्या घरात, तर दही ४ ते ४.५ च्या. हे माप असं आहे की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. लिंबात चिकन रात्रभर ठेवून बघा, वरचा थर न शिजवताच पांढरा पडतो आणि भाजल्यावर खडूसारखा भुसभुशीत लागतो. दही तेच काम दमानं करतं. वरचा थर जरा मऊ करतं आणि चार तासांच्या जागी बारा तास झाले तरी कांगावा करत नाही. चोवीस तासांपुढं मात्र दह्यातलं चिकनही वरून पिठूळ व्हायला लागतं. कच्च्या पपईची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यातलं पपेन हे विकर (एन्झाइम) प्रथिनांचे धागे सरळ तोडतं आणि ६०-७० अंशांवर, म्हणजे शिजताना, तर जास्तच जोरात. जून मटणाला चमचाभर पपई ठीक आहे. आजच्या कोवळ्या बॉयलर कोंबडीला ती लावणं म्हणजे पिकल्या केळ्याला मुसळानं कुटणं.

दह्याचं मोठं काम मला विचाराल तर चिकटवण्याचं. तिखट नुसतं तेलात कालवून लावलं तर ओल्या मांसावरून घसरतं आणि पाण्यात कालवलं तर वाहून जातं. दह्यात पाणीही आहे, स्निग्धांशही आहे आणि दोघांना धरून ठेवणारं प्रथिनही आहे. मसाल्याचा जाड लेप मांसावर टिकतो तो त्यामुळं. आणि भाजताना या लेपातलीच प्रथिनं आणि दह्यात उरलेली साखर मिळून तो खरपूस तांबूस रंग आणि वास तयार करतात. भाकरीवर पडणारे डाग, भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, सगळीकडं साधारण हीच करामत चालते.

यात कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं. गंगावेशीत आजही कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात, आणि बहुतेक घरांत दही लागतं ते म्हशीच्याच दुधाचं. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के, म्हशीच्या दुधात ६ ते ८. त्यामुळं दही घट्ट लागतं, सुरीनं कापावं असं. तरीही ते जसंच्या तसं वापरू नका. पाडव्याच्या श्रीखंडाला बांधतो तसं फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगायचं. अर्धा किलो दह्याचा साधारण पाव किलो चक्का हातात येतो. हा खटाटोप कशासाठी, ते भाजताना कळेल. दही ताजं घ्यायचं. तीन दिवसांचं आंबट दही संपवायचं असेल तर कढी करा.

आता चटणी. इथं आपल्या घरांत हमखास गफलत होते. कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी म्हणजे नुसतं तिखट नव्हे. उन्हाळ्यात डंकावरून, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीतून, वर्षाची चटणी आणली, की तिच्यात मिरचीबरोबर कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, खसखस, धणे-जिरे, गरम मसाला आणि मीठ हे सगळं आलेलं असतं. रश्श्यात ती राजा आहे. पण हीच चटणी चार चमचे दह्यात कालवून चिकन आगीवर धरलं, की त्यातलं खोबरं, तीळ आणि कांदा मांस शिजायच्या आधी जळून कडू होतात. रंग म्हणाल तर काळा. शिवाय चटणीतलं मीठ आपण धरत नाही आणि वरून अंदाजानं पुन्हा घालतो. आमच्या घरी दोनदा चिकन खारट झालं, दोन्ही वेळा हेच कारण. तेव्हापासून भाजायच्या चिकनला आम्ही चटणी एकच चमचा घालतो, वासापुरती. रंगाला ब्याडगी मिरचीची पूड. हावेरी जिल्ह्यातली ही मिरची रंगानं गडद आणि तिखटाला कमी, त्यामुळं सढळ हातानं घातली तरी चालते. झणझणीत हवंच असेल तर त्यात थोडी संकेश्वरी.

तिखट, हळद, गरम मसाला थेट दह्यात टाकायच्या आधी दोन-तीन चमचे कोमट तेलात कालवून दहा मिनिटं ठेवायचं. मघाशी म्हटलं तसं रंग आणि तिखट तेलात सुटतात. आधी तेलाला रंग येऊ द्यायचा, मग ते तेल चक्क्यात घोटायचं. त्याच मसाल्यात रंग जास्त गडद दिसतो. बाटलीतला लाल रंग घालायची गरज पडत नाही.

आणि क्रम. मीठ, आलं-लसूण आणि अर्ध्या लिंबाचा रस आधी नुसत्या चिकनला चोळून अर्धा तास ठेवायचं, मग दह्याचा लेप. वहिनींना हे दोनदा हात बरबटणं पटत नव्हतं. “भाऊजी, सगळं पोटात एकच होतंय की!” होतं, पण मीठ सगळं घट्ट चक्क्यात मिसळलं तर त्यातलं बरंचसं चक्क्यातच राहतं, थेट मांसाला लावलं तर लगेच कामाला लागतं. हाडासकट १ किलो चिकनला १० ते १२ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे, पुरतं. चटणी जास्त घालणार असाल तर दीड. चिकन आधी पुसून कोरडं करायचं. ओलं चिकन म्हणजे लेप पातळ.

चिकन धुण्याचं सांगतो. नळाच्या धारेखाली धुतलं, की शिंतोड्यांबरोबर कच्च्या कोंबडीवरचे जिवाणू ओट्यावर, चिरलेल्या कोथिंबिरीवर, कुठंही उडतात. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर ही नावं ऐकली असतील. ते मरतात आचेनं, पाण्यानं नाही. पण आपल्याकडं दुकानातून समोर तोडून आणलेलं चिकन न धुता घ्या म्हटलं तर मला घरातून बाहेर काढतील. तेव्हा निदान पातेल्यात पाणी घेऊन अलगद धुवा, पाणी हळूच ओता आणि ओटा नंतर साबणानं पुसा. लेप लावलेलं चिकन ठेवायचं ते फ्रीजमध्येच, ५ अंशांच्या खाली. ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणूंची चंगळ असते आणि दह्यातलं आम्ल त्यांना रोखायला पुरत नाही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनिअमला आम्ल लागतं. आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दही ठेवलं तर ते कळकणार, हे आपल्या आज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

आता आच. तंदूरची भट्टी ४०० अंशांच्या आसपास तापते. घरचा ओव्हन २५० वर दमतो. या फरकावर मात करायची म्हणून तर चक्का. मघाचा तो खरपूस रंग साधारण १४० अंशांपुढं झपाट्यानं येतो. पण लेपात पाणी आहे तोवर त्याचं तापमान पाण्याच्या उकळीपुढं जात नाही. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. वर पाणी आटवायला उष्णता किती लागते बघा. पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला जितकी लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त नुसती त्याची वाफ करायला. पातळ दही लावलेलं चिकन ओव्हनमध्ये आधी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. रंग येईपर्यंत आतलं मांस केव्हाच कोरडं पडलेलं असतं. म्हणून चक्का बांधायचा, भाजताना जास्तीचा लेप बोटानं निपटून काढायचा, ओव्हन पूर्ण तापल्यावरच ट्रे आत सरकवायचा आणि तुकडे ट्रेमध्ये न ठेवता जाळीवर, एकमेकांना चिकटू न देता ठेवायचे. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा. तवा धुरावला पाहिजे आणि एका वेळी चारच तुकडे; गर्दी केली की पाणी सुटलंच. शेवटी पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप, वर झाकण. दोन मिनिटांत धूर लागतो.

झालं हे ओळखायचं कसं? सुरी खुपसून पाणी स्वच्छ आलं की झालं, असं म्हणतात. ही खूण दगा देते. बॉयलर कोंबडी जेमतेम चाळीस दिवसांची. तिची हाडं सच्छिद्र असतात आणि आतली मज्जा झिरपून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही लालसर दिसू शकतं. उलट छातीचा तुकडा आतून पांढरा दिसला तरी कच्चा असू शकतो. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर घ्या आणि सगळ्यात जाड जागी, हाडाला न लावता खुपसा. ७४ अंश झाले की छाती उतरवायची. तंगडी सुरक्षित होते तीही ७४ लाच, पण तिला ८०-८५ पर्यंत जाऊ द्यावं. तिच्यातले चिवट पडदे तेव्हा कुठं विरघळायला लागतात. दोन्ही एकाच वेळी टाकून एकाच वेळी काढणं हा छातीवर अन्याय आहे.

गावरान कोंबडीला यातलं बरंचसं लागू नाही. ती महिनोन्महिने रानात धावलेली असते, तिचे पडदे आणि स्नायू दह्याला दाद देत नाहीत. तिला मंद आचेवर तासभर शिजवणं हाच उपाय. तिची तंदुरी करायचा हट्ट धरू नये.

कढईतल्या दह्याच्या सुक्क्याची मात्र वेगळी डोकेदुखी असते, दही फुटण्याची. दह्यातलं केसीन हे प्रथिन आम्लामुळं आधीच एकमेकांना धरून जाळं करून बसलेलं असतं. त्याला एकदम कडक आच लागली की जाळं आवळतं, पाणी बाहेर टाकतं आणि गुठळ्या होतात. म्हणजे मघाशी मांसाच्या धाग्यांचं झालं तेच. उपाय आपल्या कढीतच आहे. कढीला आपण बेसन लावतो, कारण पिठातला स्टार्च फुगून प्रथिनांच्या मधे उभा राहतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. वाटीभर दह्याला चमचाभर बेसन लावून घोटायचं, गॅस मंद करून, रश्श्यातले दोन चमचे गरम पाणी आधी दह्यात घालून त्याला कोमट करायचं आणि मग ते चमच्या-चमच्यानं कढईत सोडायचं, ढवळत राहायचं. म्हशीच्या दह्यातला जादा स्निग्धांशही इथं मदतीला येतो. तरी फुटलंच तर घाबरू नका. चवीला काही होत नाही, दिसायला तेवढं रवाळ दिसतं. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध फुटतं तेव्हाही मोठ्या आचेनंच घात केलेला असतो. म्हणून तो उकळवायचा नसतो, नुसता तापवायचा असतो.

भाजलेलं चिकन ताटात घ्यायच्या आधी पाच मिनिटं तसंच ठेवावं. आतला रस जरा दाट होतो आणि तोडल्यावर सगळा ताटात वाहत नाही. आमच्याकडं ही पाच मिनिटं कधीच पूर्ण होत नाहीत, ते सोडा.

राहिला डब्याच्या तळाशी उरलेला लेप. तो कच्च्या चिकनला लागलेला असतो, त्यामुळं चटणी म्हणून ताटात वाढायचा नाही. मी तो टाकून द्यायला निघालो होतो. वहिनींनी डबा हातातून काढून घेतला, मानेचे आणि पाठीचे तुकडे हळद-मिठात उकडून काढलेलं पाणी गॅसवर ठेवलं, डबा त्याच पाण्यानं विसळून सगळं पातेल्यात ओतलं आणि वर दोन चमचे घरची चटणी टाकून दहा मिनिटं खळखळून उकळलं. दही थोडं फुटलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण वर बोटभर तर्री होती. पुतण्यानं भाजलेल्या तंगडीचा तो आतला पांढरा तुकडा त्या रश्श्यात बुडवला आणि मग काही विचारलं नाही.